यॉर्कची नाटकं रस्त्यावर कशी परतली

उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात १९९८पासून साधारण दर चार वर्षांनी खाटकांच्या, बांधकाम व्यावसायिकांच्या, व्यापाऱ्यांच्या संघटना गाडे सजवतात आणि शहराच्या गल्ल्यांतून ओढत नेत बायबलमधल्या गोष्टींची नाटकं करतात. मध्ययुगाचा अभ्यास विद्यापीठाबाहेर कसा न्यावा, याचं हे उत्तम उदाहरण. मात्र विद्वानांनी संशोधन केलं आणि ते सोपं करून लोकांना वाढलं, असं इथे घडलं नाही. लोकांसमोर प्रयोग होऊ लागले तेव्हा कित्येक गोष्टी विद्वानांनाच पहिल्यांदा उमगल्या.

या नाट्यमालेच्या गाड्यांचा उल्लेख १३७६पासून सापडतो. उन्हाळ्याच्या सुरुवातीला येणाऱ्या कॉर्पस ख्रिस्तीच्या सणाला ती व्हायची. विश्वाच्या निर्मितीपासून अंतिम न्यायापर्यंतचे सगळे प्रसंग एकाच दिवसात. आज उपलब्ध असलेली नाटकं ४७ आहेत. प्रत्येक नाटक एकेका व्यवसायाच्या संघटनेकडे, म्हणजे गिल्डकडे. नोआचं तारू बांधायचं काम जहाज बांधणाऱ्यांकडे, शेवटचं भोजन पाव भाजणाऱ्यांकडे, सोनं घेऊन येणाऱ्या तीन राजांचा प्रसंग सोनारांकडे आणि क्रूसावर खिळण्याचा प्रसंग खिळे-टाचण्या बनवणाऱ्यांकडे. गणेशोत्सवात मंडळामंडळांत देखाव्यांची चुरस असते, तशी इथेही होती. कुचराई करणाऱ्याला नगरपालिका दंड करायची. पहाटे साडेचारला जमायचं आणि शहरातल्या ठरलेल्या बारा-एक थांब्यांवर तेच नाटक पुन्हा पुन्हा करायचं. आपल्या दारात थांबा यावा म्हणून घरमालक पालिकेला पैसे मोजत.

नगरपालिकेने पंधराव्या शतकात सगळ्या संहिता एका जाड पोथीत उतरवून घेतल्या. पुढे पालिकेचा कारकून पहिल्या थांब्यावर ती पोथी उघडून बसे आणि नट बरहुकूम बोलतात का ते पाही. कुठे संवाद बदलला, कुठे नवं भाषण घुसलं, याच्या त्याने समासात केलेल्या नोंदी अजून वाचता येतात. धर्मसुधारणेच्या काळात, म्हणजे इंग्लंड प्रोटेस्टंट पंथाकडे वळलं तेव्हा, कॅथलिक वळणाची ही नाटकं अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत खुपू लागली. १५६९ नंतर त्यांचा प्रयोग झाल्याची नोंद नाही.

पोथी मात्र वाचली. खासगी संग्रहांतून फिरत ती अर्ल ऑफ अ‍ॅशबर्नम या उमरावाकडे आली आणि तिथून १८८५ साली लूसी टूलमिन स्मिथ यांनी ती पहिल्यांदा संपूर्ण छापली. विद्यापीठात कुठलंही पद नसलेल्या या बाईंचं संपादन पुढे जवळपास शंभर वर्षं अभ्यासकांना आधार होतं. आज पोथी ब्रिटिश लायब्ररीत आहे.

प्रयोगाला मुहूर्त लागला तो १९५१ साली, ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ या राष्ट्रीय महोत्सवाच्या निमित्ताने. दिग्दर्शक ई. मार्टिन ब्राउन. पाद्री आणि अभिलेखतज्ज्ञ जे. एस. पर्व्हिस यांनी भाषा आजच्या कानाला समजेल अशी केली आणि मजकूर खूप कापला. गाडे नव्हते. सेंट मेरीज मठाच्या भग्न भिंतींसमोर एकच भव्य मंच होता. देवाला रंगमंचावर आणणं तेव्हाच्या इंग्लंडमध्ये नाजूक प्रकरण असल्याने ख्रिस्ताची भूमिका करणाऱ्या नटाचं नाव जाहीर केलं नव्हतं. बहुतेक कलाकार गावातलेच. त्यांत एका देवदूताच्या भूमिकेत पुढे नामवंत अभिनेत्री झालेली शाळकरी जुडी डेंच होती. या प्रयोगाने यॉर्कला त्याचं नाटक परत दिलं, हे ऋण मोठं आहे. पण त्यातून घडलेली मध्ययुगाची प्रतिमा भग्न दगडांची, गंभीर, दुरून पाहायची अशी होती.

ती बदलली १९७०च्या दशकात, एका यादीमुळे. तलम कापडाच्या व्यापाऱ्यांच्या गिल्डने १४३३ साली आपल्या गाड्यावरच्या सामानाची केलेली ही नोंद अलेक्झांड्रा जॉन्स्टन आणि मार्गारेट डॉरेल या अभ्यासकांनी उजेडात आणली. या गिल्डकडे अंतिम न्यायाचा प्रसंग होता. यादीत चार चाकांचा गाडा आहे, नरकाचा जबडा आहे, देवासाठी जखमा रंगवलेला सदरा आणि सोनेरी मुखवटा आहे. देव स्वर्गात चढताना ज्यावर बसेल ती लोखंडी बैठक आणि तिच्या चार कोपऱ्यांना दोर आहेत. शिवाय नऊ लहान, लाल रंगवलेले देवदूत आणि त्यांना स्वर्गात पळवायला एक लांब बारीक दोरी! ज्या प्रसंगाला भाबडी, ओबडधोबड कला समजलं जात होतं, त्यामागे हा सगळा यांत्रिक थाट होता.

त्याच सुमारास वादही पेटला. इतक्या थांब्यांवर इतकी नाटकं एका दिवसात होणं अशक्य, असं अभ्यासक अ‍ॅलन नेल्सन यांनी वेळेची आकडेमोड करून मांडलं. याला नुसत्या लेखांनी उत्तर देणं पुरेसं नव्हतं. जेन ओकशॉट यांनी १९७५ साली लीड्स विद्यापीठात गाडे फिरवले, १९७७ साली टोरांटोत तसाच प्रयोग झाला आणि १९९८ साली टोरांटोतच संपूर्ण माला चार थांब्यांवर, सकाळपासून मध्यरात्र उलटेपर्यंत करून दाखवली गेली. बारा थांब्यांचा हिशेब त्याने पुरता सुटत नाही, हे खरं. पण गाड्यामागून गाडा कसा सरकतो, गर्दी कशी वाट देते, आवाज कुठवर पोचतो, हे कागदावर कधीच कळलं नसतं.

खिळ्यांचं नाटकच घ्या. वाचताना ते चार सैनिकांच्या कुरकुरीचं वाटतं: भोकं चुकीच्या जागी पाडलीत, हात पोचत नाहीत, दोर लावून ओढा, खांदा निखळला माझा. गाड्यावर पाहताना लक्षात येतं की क्रूस आडवा असल्याने खाली उभ्या प्रेक्षकाला ख्रिस्त दिसतच नाही. दिसतात फक्त कामात गढलेले कारागीर. त्यांच्या तक्रारींवर लोक हसतात, आणि मग क्रूस उभा राहतो. ख्रिस्त थेट रस्त्यावरून जाणाऱ्यांशी बोलू लागतो, म्हणजे आत्ता हसलेल्यांशीच. हा घाव बसायला रस्ता आणि गर्दी लागते. माझ्या मते या शंभर-सव्वाशे वर्षांच्या खटाटोपाची सगळ्यात मोठी कमाई हीच.

जॉन्स्टन यांच्याच पुढाकाराने टोरांटोत ‘रेकॉर्ड्स ऑफ अर्ली इंग्लिश ड्रामा’ हा प्रकल्प सुरू झाला. १६४२ पूर्वीच्या नाटक, संगीत आणि लोकरंजनाच्या नोंदी चर्चच्या हिशेबवह्यांतून, पालिकांच्या दप्तरांतून वेचून त्या शहर आणि परगणावार छापायच्या, हे त्याचं काम. पहिला ग्रंथ १९७९ साली आला, तो यॉर्कचाच. आता त्यातलं बरंच साहित्य इंटरनेटवर मोफत खुलं आहे, आणि इंग्लंडमधल्या एखाद्या हौशी नाट्यमंडळाला आपल्या गावात चारशे वर्षांपूर्वी कोण काय सादर करत होतं ते स्वतः शोधता येतं.