ब्रेक नवा घ्यायचा की ब्रेकचं ऑइल बदलायचं?

पाऊस एकदाचा गेला, दिवाळी उरकली की मुंबईतल्या बाइकवाल्यांच्या तोंडी एकच वाक्य येतं, "या थंडीत गाडीचं काम काढायचंय." काम म्हणजे नक्की काय, असं विचारलं की चेन, ब्रेक ऑइल, एलईडी, सायलेन्सर, रुंद टायर असं सगळं एका दमात बाहेर पडतं. सर्व्हिसिंग आणि अपग्रेड एकाच पिशवीत.

माझंही तसंच होतं. गाडी २०१६ची, साडेतीनशे सीसी, आठ पावसाळे खाल्लेली. डिसेंबरच्या सुरुवातीला मी मोबाइलवर यादी केली: ब्रेकचं ऑइल नेणारा स्टीलच्या जाळीचा होज, हेडलाइटला एलईडी बल्ब, मागे गॅसचे शॉकअप, मागचा टायर एक साइझ रुंद आणि हँडलबार वर उचलणारे रायझर. यादी घेऊन परळला मामांच्या गॅरेजात गेलो. हे मामा नात्याने कुणाचेच नाहीत, पण आमच्या वाडीतल्या निम्म्या गाड्या त्यांच्याच हाताखालून जातात. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी यादी वाचली आणि मोबाइल परत दिला. म्हणाले, "यात अपग्रेड एकच आहे रे. बाकी सगळी तुझी उधारी."

उधारी हा शब्द मला फार पटला. कंपनीतून निघताना गाडी जशी होती तिथवर तिला परत आणणं म्हणजे देखभाल. ती कधीच नव्हती अशा जागी तिला नेणं म्हणजे अपग्रेड. गल्लत होते ती दोन्हींनंतर गाडी कालच्यापेक्षा बरी चालते म्हणून. ब्रेक ढिला पडलेल्या गाडीला साडेतीन हजारांचा होज लावला की ब्रेक कडक होतो, आणि आपण होजचे गोडवे गातो. खरं तर होज बसवताना जुनं ब्रेक ऑइल निघून नवं भरलं गेलेलं असतं. श्रेय मात्र चकचकीत वस्तूला.

ओळखायचा प्रश्न साधा आहे: गाडी नवी होती तेव्हा ही तक्रार होती का? नव्हती, तर ती उधारी. तेव्हाही होती, तर अपग्रेडचा विचार करा.

थंडीबद्दलही थोडं बोललं पाहिजे, कारण इथेही एक उसनी कल्पना शिरली आहे. बर्फाच्या देशांत बाइक हिवाळाभर झोपवतात. पेट्रोलमध्ये ते टिकवणारं रसायन घालतात, बॅटरी काढून ठेवतात, आणि रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ गाडीला खातं म्हणून ती धुऊन झाकतात. ते व्हिडिओ बघून आपल्याकडेही लोक थंडीची तयारी करतात. मुंबईत सांताक्रूझला नोंदलेलं सगळ्यात कमी तापमान आहे ७.४ अंश, तेही २२ जानेवारी १९६२चं. आपल्याकडे थंडी हा गाडी बंद ठेवायचा काळ नव्हे, उलट माळशेज नि काशीदला जायचा काळ. आपलं मीठ रस्त्यावर नसतं, वाऱ्यात असतं, आणि गाडी सडते ती जून ते सप्टेंबर. सांताक्रूझला त्या चार महिन्यांत सरासरी सव्वादोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. थंडीत आपण त्याची भरपाई करतो, एवढंच. मधे दसऱ्याला गाडी प्रेशरने धुऊन झेंडूचा हार घालतो आणि सर्व्हिसिंग झाल्यासारखं वाटतं. त्या प्रेशरच्या पाण्याने बेअरिंगमधलं उरलंसुरलं ग्रीसही जातं, पण ते कोण बघतंय.

थंडीचं म्हणून पातळ इंजिन ऑइल घालणारेही भेटतात. डब्यावर ऑइलचं ग्रेड लिहिलेलं असतं, त्या १०डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर, हे खरं. पण दहाच्या आकड्याची चाचणी होते उणे २५ अंशाला, पंधराची उणे २० ला, विसाची उणे १५ ला. मुंबईच्या जानेवारीशी याचा संबंध नाही. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं ग्रेड घाला आणि डब्यावर जासो एमए किंवा एमए२ हा बाइकच्या ऑइलचा शिक्का आहे ना, तेवढं पाहा. आपल्या बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये भिजलेला असतो, आणि घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेलं कारचं ऑइल ओतलं की तो घसरायला लागतो.

आता ब्रेक. माझ्या पुढच्या ब्रेकचा लिव्हर दाबला की जवळजवळ मुठीला टेकायचा. मामांनी कॅलिपरच्या, म्हणजे चाकाची डिस्क आवळणाऱ्या भागाच्या, निपलला (ऑइल बाहेर काढायच्या तोटीला) पारदर्शक नळी लावली, तिचं दुसरं टोक पाण्याच्या रिकाम्या बाटलीत सोडलं आणि मला लिव्हरवर बसवलं. "दाब. धर. सोडू नको." ते पाव फेरा निपल उघडायचे, नळीतून ऑइल सरकायचं, निपल बंद. "आता सोड." नवं डॉट ४, म्हणजे माझ्या गाडीतल्या ब्रेक ऑइलचा प्रकार, फिकट पिवळं असतं. माझं निघालं ते टपरीवरच्या कटिंगच्या रंगाचं, मधेमधे मोत्यासारखे बुडबुडे. वीसेक वेळा हे झालं, मधे दोनदा वरच्या डबीत नवं ऑइल ओतलं, कारण ती रिकामी झाली तर हवा आत शिरते आणि सगळं पहिल्यापासून. शेवटी नळीत फिकट रंग आला आणि लिव्हर अर्ध्यातच अडला, नव्या गाडीसारखा.

यामागचं कारण समजून घ्यावं असं आहे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि मुंबईच्या हवेत ओलीला काय तोटा. कोरडं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ वर येऊ शकते. शहरात फिरताना हे कळणारही नाही. पण मागे कुणाला बसवून कसारा उतरत असाल, ब्रेक सतत धरलेला असेल, तर आतलं ऑइल उकळून वाफ होते. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. मग लिव्हर मुठीपर्यंत जातो आणि ब्रेक लागत नाही. अशा वेळी जाळीचा होज लावलेला असला तरी आत उकळणारं ऑइल तेच. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं, आणि सीलबंद बाटलीतूनच. गेल्या वर्षीची अर्धी उरलेली बाटली ओल पिऊन बसलेली असते. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ४ पेक्षा ५ मोठा म्हणून ते घालू नका. टाकीवर थेंब उडाला तर लगेच पाणी मारा, रंग खातं ते. माझ्या टाकीवर तसा एक डाग आहे. तो माझ्या उतावळेपणाचा.

हेडलाइटची गोष्ट याहून मजेशीर निघाली. रात्री जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने येताना, एक्स्प्रेसवेवर आपल्याला बंदी म्हणून, मला समोरचे खड्डे दिसेनात. उपाय म्हणजे एलईडी, हे मी धरूनच चाललो होतो. मामांनी गाडी चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावला: १४.१ व्होल्ट. मग हेडलाइट उघडून बल्बच्या होल्डरवर लावला: १२.४. मधले पावणेदोन व्होल्ट वाटेतच मुरत होते. होल्डर हातात घेतला तर पितळेच्या पट्ट्यांवर हिरवा थर, कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट ठेवल्यावर चढतो तसा कळंक. माझ्या गाडीतल्या जुन्या पद्धतीच्या हॅलोजन बल्बचा स्वभाव असा की व्होल्ट थोडे पडले तरी उजेड बराच पडतो. बारा टक्के व्होल्ट गेले तर जवळजवळ तिसरा हिस्सा उजेड जातो. होल्डर नवा घातला, फ्रेमवरचा अर्थिंगचा बोल्ट काढून खालचा गंज घासला. ६०/५५ वॉटचा तोच जुना बल्ब असा लागला की मामांनी हेडलाइट खाली करायला लावला, समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून.

एलईडीबद्दल माझं मत यामुळे कडक झालं आहे. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरचा, म्हणजे बल्बमागच्या चकचकीत वाटीचा, आकार बल्बमधल्या तारेच्या (फिलामेंटच्या) नेमक्या जागेवरून ठरवलेला असतो. तिथे बाजारू एलईडी बल्ब खुपसला की उजेड भिंतीवर भरपूर दिसतो, रस्त्यावर मात्र विस्कटतो, आणि समोरून येणाऱ्याला आंधळं करतो. पूर्ण एलईडी हेडलाइट वेगळा, तो खरा अपग्रेड. पण तोही कळंकलेल्या वायरिंगवर लावला तर आठवड्यात लुकलुकायला लागेल.

शॉकअपमध्ये तिसराच प्रकार निघाला. मागे कुणी बसलं की गाडी खड्ड्यात आपटायची. मामांनी वाकून बघितलं, तर दोन्ही शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते, सगळ्यात मऊ खाचेवर, शोरूममधून आला तसाच. आठ वर्षांत मी त्याला हातही लावला नव्हता. पान्याने दोन खाचा चढवल्या आणि आपटणं थांबलं. ही ना देखभाल, ना अपग्रेड. हे नुसतं सेटिंग, आणि ते फुकट असतं. पुढचे फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचे शॉकअप, मात्र खरी उधारी होते. त्यांचं ऑइल कधीच बदललं नव्हतं. नटबोल्ट खोलल्यावर राखाडी पाणी बाहेर आलं आणि ससून डॉकला सकाळी असतो तसला वास अख्ख्या गॅरेजभर पसरला. शेजारच्या वडेवाल्याने नाक धरून आमच्याकडे बघितलं. सील बदलली, नवं ऑइल मोजून भरलं, आणि ब्रेक मारल्यावर पुढून बसायची डुबकी गेली.

टायरचं थोडक्यात. रोज सरळ रस्त्यावर चालवून माझा मागचा टायर मधे सपाट झाला होता, गाडी वळणात कलायला तयार नसायची. ते मी टायर बारीक असल्याचं लक्षण मानलं. त्याच साइझचा नवा घातल्यावर वळण परत आलं. रिम तीच ठेवून रुंद टायर घातला तर तो रिममध्ये आवळला जातो, गोलाई बिघडते, आणि वळायला गाडी आळशी होते. घेताना बाजूला छापलेले चार आकडे वाचा: २३२४ म्हणजे २०२४च्या तेविसाव्या आठवड्यातला.

सायलेन्सर माझ्या यादीत नव्हता, पण लोकांच्या असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मूळ तपशिलाशी न जुळणारे फेरफार करता येत नाहीत, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला अशा दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. महाराष्ट्रात पोलिसांनी जप्त सायलेन्सरवर रोड रोलर फिरवल्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. जुना सायलेन्सर सडून फुटला म्हणून तसाच नवा घालणं ही देखभाल. डबडब आवाजासाठी बदलणं हा अपग्रेडही नाही, ती नुसती हौस, आणि तीही दुसऱ्याच्या कानांच्या जिवावर.

मग राहिले रायझर. इथे उत्तर खरंच वेगळं होतं. नवी असल्यापासून या गाडीचा हँडलबार मला खाली पडतो, अलिबागपर्यंत जाईस्तोवर मनगटं भरून येतात. ते ऑइल बदलून जाणारं दुखणं नव्हे. मामा म्हणाले, "हे घे. पण आधी महिनाभर अशीच चालव." का, ते तेव्हा सांगितलं नाही. महिनाभरात कळलं. फोर्क नीट झाल्यावर निम्मं दुखणं कमी झालं होतं, कारण आधी प्रत्येक खड्डा मनगटात येत होता. उरलेल्या निम्म्यासाठी जानेवारीत रायझर घेतले, पाऊण इंचाचे.

बसवून हँडल पूर्ण डावीकडे वळवलं, तर क्लच केबल जेमतेम पुरली. उजवीकडे वळवलं तर ब्रेकचा रबरी होज ताणला गेला. मामांनी तो बोटांत धरून वाकवला, आणि आठ वर्षांच्या त्या रबरावर बारीक भेगा उघडल्या. तो आता बदलायचाच होता, आणि लांब हवा होता. मी काही बोलायच्या आधीच मामा म्हणाले, "बरं, आता आण तुझा जाळीचा. दोन इंच जास्त सांग."