रेमी आणि गुंतवळ: केस दोन्ही खरेच, मग फरक कुठे?

धाकट्या नणंदेच्या लग्नात मी क्लिपचे 18 इंची केस लावले होते. पाकिटावर ठळक अक्षरांत ‘100 टक्के ह्युमन हेअर’. दुकानदार म्हणाला, “ताई, जाळून बघा ना!” मी एक केस उपटून काडीवर धरला. पिसं जळल्यासारखा वास आला, चिमटीत चुरडला तर भुगा झाला. कृत्रिम धाग्याचा असता तर वितळून टोकाला कडक मणी झाला असता. केस माणसाचेच आहेत अशी खात्री करून, स्वतःच्या हुशारीवर खूश होत मी 3,500 रुपये मोजले. हळदीला, लग्नाला, पूजेला जो तो विचारत होता, कोणतं तेल लावतेस गं? चौथ्यांदा धुतले तेव्हा बादलीतून जे वर आलं ते थेट चिमणीचं घरटं होतं.

दुकानदार खोटं बोलला नव्हता. माझाच प्रश्न चुकला होता. केस कुणाचे, एवढंच मी बघितलं. ते गोळा कसे झाले, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

बाजारात माणसाचे केस मुख्यतः दोन वाटांनी येतात. एक वाट आपल्या घरातूनच निघते. विंचरल्यावर फणीत अडकतं ते गुंतवळ. माझी आजी ते बोटाभोवती गुंडाळून भिंतीच्या फटीत खोचायची. पुरेसं साठलं की कुणी त्याचं गंगावन करून घ्यायचं, नाहीतर केसांवर भांडी देणारी बाई यायची तिला द्यायचं. अजूनही ‘केसांवर फुगे’ अशी आरोळी गावोगाव ऐकू येते. रोज 50 ते 100 केस गळणं अगदी नॉर्मल, त्यामुळे हा माल कधी आटत नाही. व्यापारात याला ‘गोळी’ म्हणतात. कर्नाटकात कोप्पळजवळचं भाग्यनगर आणि बंगालमध्ये मुर्शिदाबादचा भाग या कामासाठी ओळखला जातो. तिथे बायका जमिनीवर बसून एकेक गोळा सोडवतात. गुंता काढायला सुया, मग लांबीप्रमाणे वेगळं करायला खिळ्यांची फळी. दिवसभर मान खाली घालून करायचं काम आहे हे.

दुसरी वाट देवळातून जाते. तिरुमलाच्या कल्याणकट्ट्यावर नवस फेडायला बसलेल्या बाईचे लांब केस आधी बांधून घेतात आणि मग वस्तरा फिरवतात. कोल्हापूरहून हरिप्रिया एक्सप्रेसने तिकडे जाणाऱ्यांना हे दृश्य नवं नाही. हे केस पुढे देवस्थान लिलावात विकतं. बांधलेला झुबका उचलला की सगळ्या केसांची मुळं एका बाजूला आणि टोकं दुसऱ्या बाजूला. ही दिशा शेवटपर्यंत जपलेल्या केसांना रेमी म्हणतात. रेमी हा ब्रँड नाही, कुठल्या देशाचं नावही नाही. (तसं पाहिलं तर पाकिटावरच्या ‘ब्राझिलियन’ आणि ‘पेरूव्हियन’चाही त्या देशांशी बहुतेक वेळा संबंध नसतो.)

दिशेचं एवढं काय, असं मलाही वाटलं होतं. केसाच्या बाहेरच्या थरावर कौलारू छपरासारखे खवले असतात, एकावर एक चढलेले, सगळ्यांचं तोंड टोकाकडे. स्वतःचा एक लांब केस घेऊन बघा. मुळाकडून टोकाकडे बोटं ओढली तर गुळगुळीत लागतो, उलट ओढली की बारीक खरखर जाणवते. मग तोच केस अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून बोटं केसाच्या लांबीच्या दिशेने पुढेमागे चोळा. केस आपोआप सरकायला लागतो, आणि सरकतो तो मुळाच्या बाजूनेच. कुसळ साडीत शिरलं की पुढे पुढेच जातं ना, तसं. मी हा प्रयोग पहिल्यांदा केला तेव्हा अर्धा तास नुसती केस चोळत बसले होते.

आता गुंतवळ आठवा. त्यात कुणाचं मूळ वर, कुणाचं खाली. सोडवून लांबीप्रमाणे लावलं तरी दिशांची सरमिसळ राहतेच. शेजारच्या दोन केसांचे खवले एकमेकांत अडकतात, ओले झाले की आणखी अडकतात, आणि एकेक केस आपापल्या मुळाकडे सरकत गाठ घट्ट करत जातो. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात चोळून धुतला तर आखडून नमदा होतो, त्यामागेही हीच गंमत आहे.

कारखानदारांनी यावर उपाय काढला तो असा: खवलेच काढून टाकायचे. केस रसायनाच्या हौदात बुडवतात, खवले विरघळतात, मग अडकायला काही उरतच नाही. पण सोललेला केस निस्तेज दिसतो, म्हणून वर सिलिकॉनचा हात. दुकानात ते केस इतके चमकतात की खऱ्या रेमीपेक्षा तेच भारी वाटतात. धुण्याबरोबर सिलिकॉन उतरतं, आणि खाली उरतो कवच गेलेला, कोरडा, पाणी पिणारा केस, जो खवले नसतानाही गुंततो. चौथ्या धुण्याला माझ्याकडे नेमकं हेच झालं.

म्हणून दुकानात चमक बघून भुलू नका, ती शंका घेण्याचं कारण आहे. झुबक्यातून आठ-दहा केस एकेक करून काढा, सगळे एकाच बाजूने धरा आणि चोळा. सगळे एकाच दिशेला सरकले तर रेमी. काही वर, काही खाली गेले तर सरमिसळ. कुठलाच हलला नाही तर खवले गेलेत, नाहीतर वर सिलिकॉनचा जाड थर आहे, शाम्पूने धुऊन पुन्हा बघा. जाळून बघण्याने मात्र यातलं काहीच कळत नाही. रेमी आणि गुंतवळ दोन्ही सारखेच जळतात.

‘व्हर्जिन’ हा आणखी एक शब्द सोबत येतो. त्याचा अर्थ केसांना रंग, ब्लीच, पर्म काही लागलेलं नाही. रंगवलेले केस रेमी असू शकतात. ‘डबल ड्रॉन’ म्हणजे आखूड केस काढून टाकलेला, खालपर्यंत सारखा दाट झुबका.

पण म्हणून गुंतवळीचे केस घेऊच नयेत असं मी म्हणणार नाही. लग्नातले तीन दिवस लावून काढायचे असतील तर रेमीवर पैसे घालणं मला तरी पटत नाही. घ्या, मिरवा, धुऊ नका. नाटकाचा टोप असेल, एका फोटोशूटपुरता विग असेल, तरी तेच. गणित बदलतं ते डोक्यावर राहणाऱ्या प्रकारांत. टेपने चिकटवलेले, केराटिनच्या डिंकाने जोडलेले, किंवा आफ्रिकी वंशाच्या बायकांमध्ये रूढ असलेलं वीव्ह. त्यात डोक्यालगत बारीक वेण्या घालून त्यांवर केसांची झालर सुईदोऱ्याने शिवतात. ते कित्येक आठवडे डोक्यावरच असतं, त्यासकट झोपायचं, त्यासकट न्हायचं. तिथे गाठ पडली तर ती तुमच्याच केसांच्या मुळांना ओढते. पार्लरवाली रेमीचा आग्रह धरते तेव्हा दरवेळी तिचा डोळा बिलावरच असतो असं नाही.

या दोन वाटांचा मान सगळीकडे सारखा नाही, हेही सांगायला हवं. सनातनी ज्यू समाजात लग्न झालेल्या बायका केस झाकतात, आणि त्यासाठी अनेकजणी विग वापरतात. 2004 साली एका वजनदार धर्मगुरूंनी निर्णय दिला की तिरुपतीचं मुंडण मूर्तिपूजेचा भाग आहे, म्हणून तिथल्या केसांचे विग चालणार नाहीत. जेरुसलेममध्ये आणि न्यू यॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये बायकांनी महागडे विग रस्त्यावर आणून जाळले. बाजारात ज्या केसांना गुंतवळीपेक्षा जास्त भाव, नेमके तेच आगीत. आपल्याकडच्या बाईने देवाला वाहिलेले केस जगाच्या दुसऱ्या टोकाला देवाच्याच नावाने जळत होते.

गुंतवळीचंही राजकारण आहेच. कच्चे केस चोरट्या मार्गाने म्यानमार आणि बांगलादेशातून चीनकडे जातात, इथल्या हातांचं काम बुडतं, अशी तक्रार वाढल्यावर सरकारने जानेवारी 2022 मध्ये कच्च्या केसांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. फटीतलं आजीचं गुंतवळ असं परराष्ट्र व्यापारात जाऊन बसलं.

मागच्या महिन्यात पुतणीने केमोथेरपी घेणाऱ्यांच्या विगसाठी केस दिले. 12 इंच तरी हवेत अशी त्या लोकांची अट होती, म्हणून दोन वर्षं तिने कात्री लावली नव्हती. मी सोबत गेले होते. खुर्चीत बसल्या बसल्या ती म्हणाली, “काकू, आधी सरळ कापून घेऊ दे, मग जमिनीवरचे गोळा करून देऊ.” पार्लरवाली हसली. तिने केसांचे चार भाग केले, प्रत्येकाला वर एक आणि खाली एक रबर घातलं, आणि वरच्या रबराच्याही वर, मानेलगत कात्री चालवली. चारही शेपटे टेबलावर ठेवताना मुळाकडची चारही टोकं तिने एका बाजूला केली आणि त्यांना लाल दोरा बांधला. खाली पडलेले बारीक केस तिच्या मदतनीस मुलीने झाडूने सुपलीत भरले.