आधी बॅटरी, मग पॅनेल: आखाड्यावरच्या सोलरची जोडणी

शेतीच्या फीडरला वीज पाळीने येते. त्यामुळे परभणी-हिंगोलीकडच्या आखाड्यांवर, म्हणजे शेतातल्या घर-गोठ्याच्या जागी, एखादं पॅनेल, एक ट्यूब्युलर बॅटरी, दोन-चार दिवे आणि पंखा अशी मांडणी सर्रास दिसते. पॅनेल आणि बॅटरी पारखून घेतली जाते. पॅनेलची वीज बॅटरीत बेताने भरणारा मधला चार्ज कंट्रोलर मात्र दुकानदार देईल तो, आणि वायर घरात उरलेली. बॅटरी वेळेआधी बसली, तर कारण बहुतेक वेळा याच दीड-दोन मीटरच्या जागेत सापडतं.

330 वॅटचं 72 सेलचं पॅनेल भर उन्हात साधारण 38 व्होल्टला 8.7 अँपिअर देतं. स्वस्तातला, नुसत्या चालू-बंद स्विचसारखा चालणारा पीडब्ल्यूएम कंट्रोलर ते थेट 12 व्होल्टच्या बॅटरीला जोडतो. मग पॅनेलचा व्होल्टेज बॅटरीइतका खाली ओढला जातो आणि 13 गुणिले 8.7, म्हणजे जेमतेम 113 वॅट पदरात पडतात. दोन तृतीयांश पॅनेल वाया! एमपीपीटी हा दुसऱ्या प्रकारचा कंट्रोलर जास्तीच्या व्होल्टेजचं रूपांतर करंटमध्ये करतो. त्याच पॅनेलमधून बॅटरीकडे 25 अँपिअरच्या आसपास करंट जातो. म्हणून इथे 30 अँपिअरचा एमपीपीटी घ्यावा. पीडब्ल्यूएम शोभतो तो 36 सेलच्या, 18 व्होल्टच्या छोट्या पॅनेललाच.

आता वायर. तांब्याच्या 2.5 स्क्वेअर एमएम वायरचा रोध किलोमीटरला सुमारे 7.4 ओहम. बॅटरी कंट्रोलरपासून तीन मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन सहा मीटर वायर होते आणि 25 अँपिअरला तिच्यात 1.1 व्होल्ट हरवतात. नुसती वीज वाया गेली असती तर एक वेळ चाललं असतं. पण कंट्रोलर व्होल्टेज मोजतो तो स्वतःच्या टर्मिनलवर. तिथे 14.4 दिसले की त्याला वाटतं, बॅटरी भरत आली; प्रत्यक्षात बॅटरीवर 13.3 च असतात. तो हात आखडता घेतो, बॅटरी रोज अर्धवट भरते आणि प्लेटांवर सल्फेटचे कठीण खडे धरतात. उपाय सोपा आहे: कंट्रोलर बॅटरीपासून दीड मीटरच्या आत लावा आणि 10 स्क्वेअर एमएम वायर वापरा. मग घट 0.15 व्होल्टवर येते. मात्र कंट्रोलर बॅटरीच्या बरोबर डोक्यावर नको. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन आणि आम्लाची वाफ वर येते.

बॅटरीच्या प्लस टर्मिनलपासून वीतभर अंतरात 40 अँपिअरचा डीसी फ्यूज हवाच. 150 एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी शॉर्ट झाली तर हजारभर अँपिअर सहज ओतते आणि कुडाच्या भिंतीला आग लागायला तेवढं पुरे. घरातला साधा एमसीबी, म्हणजे जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच, इथे चालत नाही. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझते. डीसीची ठिणगी पेटतीच राहते.

जोडताना फ्यूज काढून ठेवा आणि पॅनेलवर जाड वाकळ टाका, कारण उन्हातलं पॅनेल बंद करता येत नाही. मल्टिमीटरने प्लस-मायनस तपासा. आधी बॅटरीच्या वायरी कंट्रोलरला लावून फ्यूज बसवा. कंट्रोलर जागा होतो आणि ही 12 व्होल्टची मांडणी आहे हे ओळखतो. बॅटरीचा प्रकार सेट करा, मग पॅनेल जोडा, शेवटी दिवे. पॅनेल आधी जोडलं, तर बॅटरीविना पॅनेलचा मोकळा (भार नसतानाचा) व्होल्टेज अंगावर येऊन कंट्रोलर गोंधळतो, कधी जळतोही. सोडवतानाही पॅनेल पहिलं, बॅटरी शेवटी. इन्व्हर्टर कंट्रोलरच्या लोड टर्मिनलवर, म्हणजे दिव्यांच्या जोडणीवर, लावू नका. तो वेगळ्या फ्यूजमधून थेट बॅटरीला.

मराठवाड्याचं हवामान दोन्ही टोकांना त्रास देतं. उन्हाळ्यात पत्र्याखाली बॅटरी 40 अंशांवर गेली, की 14.4 व्होल्ट तिला जास्त होतात. पाणी आटतं, प्लेटा झिजतात. तापमानाचा सेन्सर बॅटरीला चिकटवला, तर कंट्रोलर स्वतःच 0.3 ते 0.4 व्होल्ट खाली येतो. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला मात्र ही दुरुस्ती बंद ठेवायची. उलट थंडीत पॅनेलचा व्होल्टेज चढतो. 46 मोकळ्या व्होल्टची दोन पॅनेलं सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, लावली, तर छापील आकडा 92. परभणीत पारा 5 अंशांवर आलेल्या पहाटे तोच 97 च्या पुढे जातो. 100 व्होल्टच्या कंट्रोलरला एवढी जवळीक परवडत नाही. तिथे पॅनेलं पॅरललच करा, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस जोडा, मात्र करंट दुप्पट होतो, म्हणून कंट्रोलर 60 अँपिअरचा आणि वायर व फ्यूज त्या मानाने मोठे घ्या.

वायरीच्या टोकांना क्रिम्पिंग टूलने लग (टोकाची धातूची कडी) दाबा; पकडीने चेपलेला लग महिनाभरात सैल होतो. गाडीत अशीच जोडणी असेल, तर धक्क्यांनी स्क्रू आणखी लवकर ढिले पडतात. शेवटी भर दुपारी, चार्जिंग जोरात चालू असताना, कंट्रोलरच्या टर्मिनलवर आणि बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. फरक 0.2 च्या वर असेल, तर कुठला तरी जोड सैल आहे. एकेका लगवर मीटर धरून गेलात की सापडतो.