गढूळ पाणी, शेवग्याचं बी आणि परत सुटणारे गोळे

पावसाळा लागला की आमच्याकडे विहिरीचं पाणी चहासारखं दिसते. काळ्या मातीचं. पाण्याचा गुंड रात्रभर भरून ठेवला तरी सकाळी वरचं पाणी गढूळच. काहून? तर ते कण मायक्रॉनपेक्षाही बारीक, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून लहान, आणि प्रत्येकाच्या अंगावर निगेटिव्ह चार्ज, मग सारखे चार्ज एकमेकाले ढकलतात अन् कण जवळच येत नाहीत, तरंगत राहतात. अशा मिश्रणाला कोलॉइड म्हणतात, रसायनशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहम यांनी १८६१ मध्ये हे नाव दिलं.

तुरटी फिरवली की ॲल्युमिनियमचा पॉझिटिव्ह चार्ज हे भांडण मिटवते, हे घरोघरी माहीत आहे. मला जास्त आवडते ते शेवग्याचं बी. त्यातलं प्रोटीन म्हणजे निसर्गाचाच चार्जवाला पॉलिमर, म्हणजे लहान तुकडे जोडून झालेला साखळीसारखा रेणू, एका साखळीवर बरेच पॉझिटिव्ह चार्ज. ते मातीच्या कणाला चिकटते, चार्ज फिटते, कण एकमेकाला धरतात अन् गोळे होऊन खाली बसतात. कारखान्यात लांब साखळीचे पॉलिमर वापरतात, ते एका कणावर एक टोक अन् दुसऱ्यावर दुसरं टोक असे पूलच बांधतात.

मी दोन ग्लास घेतले. एकात कुटलेल्या बियांचं पाणी थोडंसं टाकलं, ढवळलं, तासाभरात कापसाच्या बारीक पुंजक्यासारखे गोळे खाली बसले. दुसऱ्यात टाकतानी मावशी म्हणे, "दोन चमचे टाक ना, लौकर निवळते." टाकले. ते पाणी गढूळच राहिलं, कारण आता कणावर इतकं प्रोटीन चढलं की सगळेच कण पॉझिटिव्ह झाले, अन् परत एकमेकाले ढकलायले लागले! डोसाची ही गोष्ट खूप महत्त्वाची आहे, जास्त म्हणजे चांगलं असं इथे चालत नाही.

पॉलिमरने धरलेले गोळे सोडवताही येतात. काही पॉलिमर-कणांच्या जोड्यांत भरपूर मीठ टाकलं की मिठाचे आयन, म्हणजे चार्ज असलेले बारीक कण, पॉलिमर अन् कणांचे चार्ज झाकतात, पकड सुटते, कण मोकळे होतात, मीठ कमी केलं की परत जमतात. नुसत्या मातीचं मात्र उलटं, तिथे मिठानं चार्ज झाकला की कणांची ढकलाढकली थांबते अन् ते जमतात, म्हणून वर्धा, वैनगंगेनं नेलेली आपली माती गोदावरीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात गोळा होऊन बसते.

त्या फसलेल्या ग्लासात मी विहिरीचं गढूळ पाणी थोडं थोडं टाकत गेलो, म्हणजे निगेटिव्ह कण वाढवत गेलो, अन् तिसऱ्या वाटीला गोळे दिसायले लागले, मावशी वाकून पाहत होती. प्यायच्या आधी मात्र हे पाणी उकळायचंच, बी सगळे जंतू मारत नाही.