मालवाघिणीची प्रतिकृती (स्क्रॅच-बांधणी)

तयार संच न वापरता पत्रा, पट्ट्या आणि तार कापून मालगाडीची वाघीण (मालडबा) प्रमाणात उभी करणे म्हणजे स्क्रॅच-बांधणी. खान्देशात पहिल्या कामासाठी बॉक्सएन ही उघडी वाघीण उत्तम. दीपनगर वीजकेंद्राचा कोळसा अशा उघड्या वाघिणींतून येतो आणि भुसावळच्या फलाटावरून तिची बाजू, दारे, खांब जवळून न्याहाळता येतात.

मापे : एचओ या प्रतिकृती-रेल्वेच्या प्रमाणात (१:८७) कपलरसह (डबे जोडणाऱ्या आकड्यांसह) १०,७१३ मिमी लांबीचे १२३ मिमी होतात, सांगाड्याच्या ९,७८४ चे ११२.५, रुंदीच्या ३,२०० चे ३६.८ आणि दोन बोगींच्या (डब्याखालच्या चाकांच्या गाड्यांच्या) मध्यांमधील ६,५२४ चे ७५. रुळांत मात्र तडजोड आहे. १,६७६ मिमी ब्रॉडगेजला १९.३ मिमी हवेत, बाजारातला रूळ १६.५ मिमीचा. (पाचोरा–जामनेरच्या जुन्या ७६२ मिमी नॅरोगेजला ९ मिमी रूळ जवळजवळ अचूक बसतो.)

सांगाडा : ओळखपत्राचे ०.७६ मिमी जाडीचे पीव्हीसी कार्ड सहज मिळते. कार्ड ८५.६ मिमीच लांब असल्याने बाजूला जोड द्यावा लागतो. तो उभ्या खांबामागे लपवावा. आतली रुंदी ३३.९ मिमी ठेवून बाजू लावल्या आणि त्याच कार्डाच्या पट्ट्यांचे खांब वर चिकटवले, की बाहेरची रुंदी आपोआप जवळजवळ जुळते. जोडायला सुपरग्लू वापरावा. पाइपाचे सोल्व्हंट सिमेंट दाट असते, ते ओघळते आणि पातळ पत्रा वाकवते. जोडणी काचेवर करावी व दोन्ही कर्ण मोजावेत. सांगाडा पिळला तर एक चाक अधांतरी राहते आणि वाघीण रुळाच्या पहिल्याच सांध्यावर घसरते.

बोगी : चालण्याचे सारे यश इथे आहे. एक बोगी फक्त वळेल इतकी घट्ट, दुसरी थोडी डुलेल इतकी सैल ठेवावी. तीन बिंदूंवर उभी राहिलेली वाघीण खालीवर रुळांवरही चारही आस टेकवते. चाकांच्या आतील पाठींमधले अंतर सुमारे १४.४ मिमी हवे. कमी असेल तर चाक रूळ बदलण्याच्या काट्यावर चढते. अमेरिकी बोगी वापरल्यास दोन आसांतील अंतर २३ ऐवजी सुमारे २० मिमी भरते, हे डोळ्याला खटकते. चाक मात्र १०.५ मिमीचे चालते : मूळ १,००० मिमीचे चाक झिजत ९०६ पर्यंत येते.

वजन : सुमारे ९० ग्रॅम, कोळशाच्या थराखाली लोखंडी पट्टीचे. शिशाचे छर्रे पांढऱ्या डिंकात बसवू नयेत; कालांतराने शिसे गंजून फुगते व बाजू फाकतात. वर खऱ्या कोळशाचा चाळलेला चुरा पसरावा. चुऱ्याखाली थर्माकोल घातल्यास चिकटवताना सुपरग्लू टाळावा, तो थर्माकोल विरघळवतो.

रंग : आधी बारीक पॉलिशपेपर, मग प्रायमर, मग रेड ऑक्साइड. मेच्या उन्हात फवारल्यास रंग हवेतच सुकून पृष्ठभाग खरखरीत होतो. सकाळी लवकर, सावलीत फवारावे. वाघिणीवरच्या अकरा आकडी क्रमांकात तिसरा-चौथा अंक मालक रेल्वेचा व पाचवा-सहावा बांधणीवर्षाचा, म्हणून अंक मनाने लिहू नयेत.