रीनल मेड्युलरी कार्सिनोमा

मूत्रपिंडाच्या गाभ्यात (मेड्युलात) उद्भवणारा, अत्यंत दुर्मिळ आणि झपाट्याने पसरणारा कर्करोग. तो जवळजवळ नेहमी सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहकांना, म्हणजे ‘एएस’ पॅटर्न (एक सामान्य आणि एक सिकल जनुक) असलेल्यांना होतो. ‘एसएस’ (दोन्ही जनुके सिकल असलेल्या) रुग्णांत क्वचितच दिसतो. डेव्हिस, मोस्टोफी आणि सेस्टरहेन या अमेरिकी विकृतितज्ज्ञांनी १९९५ मध्ये ३४ रुग्णांच्या आधारे त्याला वेगळा आजार म्हणून ओळख दिली. आजवर नोंदलेले बहुतेक रुग्ण आफ्रिकी वंशाचे आहेत.

मेड्युलात प्राणवायू कमी आणि क्षारांचे प्रमाण जास्त असते. अशा जागी वाहकाच्याही तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि ऊतींना पुन्हा पुन्हा इजा होते. याच ताणातून एसएमएआरसीबी१ हे गाठरोधक जनुक निकामी होत असावे, असे मानले जाते. ते निकामी होणे ही या कर्करोगाची खूण आहे.

रुग्ण सहसा विशीत-तिशीत असतो. पुरुषांचे प्रमाण स्त्रियांच्या सुमारे दुप्पट आहे आणि उजवे मूत्रपिंड डाव्यापेक्षा बरेच अधिक वेळा बाधित होते. लघवीतून रक्त, कुशीत दुखणे, वजन घटणे ही मुख्य लक्षणे. कधी मानेतली गाठ किंवा न थांबणारा खोकलाच आधी लक्षात येतो, कारण निदानाच्या वेळी दहापैकी नऊ रुग्णांत आजार लसिकाग्रंथी, फुप्फुसे, यकृत किंवा हाडांपर्यंत गेलेला असतो.

फसगत इथेच होते. तरुणाच्या लघवीत रक्त दिसले की मुतखडा किंवा जंतुसंसर्ग धरून उपचार सुरू होतात. वाहकांत रक्त जाण्याचे कारण बहुतेकदा साधेच असते, हेही खरे. पण गाठ नाही याची खात्री केल्याशिवाय तसे म्हणू नये. सोनोग्राफीत काही दिसले नाही आणि रक्त जातच राहिले, तर सीटी किंवा एमआरआय करावा. गाठ मूत्रपिंडाचा आकार न बिघडवता आतल्या आत पसरते, त्यामुळे ती नजरेतून सुटू शकते.

नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या भागांत वाहक मोठ्या संख्येने आहेत. यातल्या बहुतेकांना हा कर्करोग कधीच होणार नाही. वाहक असल्याची नोंद मात्र डॉक्टरांना दाखवावी. पॅटर्न माहीत नसेल तर एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही हिमोग्लोबिनचा प्रकार सांगणारी रक्ततपासणी करावी. सोल्युबिलिटी या प्राथमिक चाचणीत एएस आणि एसएस वेगळे कळत नाहीत. बायोप्सीच्या अर्जावरही सिकलसेलची माहिती लिहावी, म्हणजे विकृतितज्ज्ञ एसएमएआरसीबी१ जनुकापासून बनणाऱ्या आयएनआय१ प्रथिनाची रंजनचाचणी (पेशी रंगवून प्रथिन शोधणे) करतील. गाठीच्या पेशींत हे प्रथिन नसते. या चाचणीविना गाठीला संकलन नलिकेचा (मूत्रपिंडातल्या मूत्र गोळा करणाऱ्या नळ्यांचा) कर्करोग समजले जाण्याचा धोका असतो.

उपचारांची सुरुवात सहसा प्लॅटिनमयुक्त केमोथेरपीने होते. कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही नेहमीची जोडी. मूत्रपिंडाच्या इतर कर्करोगांत चालणाऱ्या सुनिटिनिबसारख्या गोळ्या इथे फारशा उपयोगी पडत नाहीत, आणि नुसत्या इम्युनोथेरपीनेही निराशाच केली आहे. आजार पसरलेला असताना आधी शस्त्रक्रिया केली, तर जखम भरेपर्यंत केमो लांबते. म्हणून केमोला प्रतिसाद मिळाल्यावर मूत्रपिंड काढण्याचा विचार होतो. पहिल्या औषधांना आजार दाद देईनासा झाला तर जेमसिटाबिन आणि डॉक्सोरुबिसिन देतात.

निदानानंतरचे मध्यक आयुर्मान सुमारे १३ महिने आहे, म्हणजे निम्मे रुग्ण याहून कमी जगतात. आजार मूत्रपिंडापुरता असताना सापडलेले आणि केमोला चांगला प्रतिसाद देणारे मोजके रुग्ण अनेक वर्षे जगले आहेत.