पार्श्वभूमी : गिळण्याच्या विकारांची तपासणी कशी घडत गेली

श्वासाची आणि अन्नाची वाट माणसाच्या घशात एकमेकींना छेदते. घास मागे सरकला की मृदुतालू (टाळूचा मागचा मऊ भाग) नाकाची बाजू बंद करतो, स्वरयंत्र वर व पुढे उचलले जाते, स्वरतंतू मिटतात आणि अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेला स्नायू सैल होतो. हे सारे साधारण एका सेकंदात घडते. तोंड, घसा आणि अन्ननलिका हे गिळण्याचे तीन टप्पे फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ माजाँदी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच सांगितले होते, मात्र जिवंत शरीरात मधला टप्पा पाहण्याची सोय तेव्हा नव्हती.

ती सोय १८९५ मध्ये क्ष-किरणांच्या शोधाने झाली. पुढच्याच वर्षी हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन यांनी प्राण्यांना बिस्मथ हा क्ष-किरणांत उठून दिसणारा पदार्थ मिसळलेले अन्न देऊन त्याचा अन्ननलिकेतील प्रवास पाहायला सुरुवात केली. पुढे बिस्मथची जागा बेरियमने घेतली. तरीही स्थिर चित्रात तो एक सेकंद हाती लागत नव्हता. त्यासाठी हलत्या चित्रांची आणि नंतर व्हिडिओची वाट पाहावी लागली. अमेरिकेतील वाचातज्ज्ञ जेरी लोगमन यांनी अगदी थोड्या प्रमाणातील, वेगवेगळ्या घट्टपणाचे घास देऊन करायची चित्रित बेरियम तपासणी रुळवली आणि १९८३ मध्ये या विषयावरचा ग्रंथ लिहिला. १९८८ मध्ये सुझन लँगमोर आणि सहकाऱ्यांनी नाकातून लवचीक दुर्बीण घालून गिळणे तपासण्याची पद्धत मांडली. तिच्यात ऐन गिळण्याच्या क्षणी चित्र दिसेनासे होते, पण किरणोत्सर्ग नसतो आणि ती रुग्णाच्या खाटेजवळ करता येते.

या तपासण्यांनी दाखवलेली सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे अन्न श्वासनलिकेत उतरूनही काही रुग्णांना ठसका लागतच नाही. ठसका नाही म्हणजे गिळणे सुरक्षित आहे, ही घरोघरची समजूत त्यामुळे धोकादायक ठरते. पक्षाघातानंतर वारंवार होणाऱ्या न्यूमोनियाचे मूळ पुष्कळदा इथेच असते.

मुंबईत या विषयाला तंबाखू आणि सुपारीची वेगळी किनार आहे. परळचे टाटा स्मारक हे कर्करोगाचे रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. कर्करोगामुळे जीभ किंवा जबड्याचा भाग काढल्यावर, किंवा किरणोपचारांनी घशाचे स्नायू कडक झाल्यावर, गिळणे नव्याने शिकावे लागते. सुपारीमुळे तोंडातील अस्तर ताठर होऊन तोंड उघडेनासे होते, तेव्हा घास घेण्यापासूनच अडचण सुरू होते. हे काम करणारे वाचातज्ज्ञ घडवणाऱ्या शहरातील संस्थांत नायर रुग्णालयाचे महाविद्यालय आणि १९८३ मध्ये स्थापन झालेली वांद्र्याची अली यावर जंग संस्था यांचा समावेश होतो.

उपचार बराच काळ नाकातून अन्न देणाऱ्या नळीपुरते सीमित होते. १९८० मध्ये दुर्बिणीच्या साहाय्याने थेट पोटात नळी बसवण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. त्यानंतर हनुवटी छातीकडे झुकवून गिळणे, स्वरयंत्र क्षणभर वर धरून ठेवणे, उताणे झोपून डोके उचलणे असे उपाय आले. यांतला कोणता उपाय कोणाला लागू पडेल हे तपासणीवरच ठरायला हवे. सरसकट सगळे घट्ट करून देण्याचा सल्ला मला घाईचा वाटतो, कारण घट्ट पदार्थ घशात साचून राहू शकतो आणि पाणी कमी पिण्याने रुग्णाच्या शरीरातले पाणी घटते.

घट्टपणा मोजण्यासाठी आता ० ते ७ अशी आंतरराष्ट्रीय श्रेणी आहे. तिच्यातील द्रवांची चाचणी ठरावीक मापाच्या १० मिलिलिटर सिरिंजने होते : द्रव १० सेकंद वाहू द्यायचा आणि उरलेला मोजायचा. १ मिलिलिटरहून कमी उरला तर तो पाण्यासारखा पातळ (पातळी ०), ४ ते ८ मिलिलिटर उरला तर पातळी २ चा. पेज आणि वरणाचे पाणी घरीच याच रीतीने तपासता येते.